गुरुवारी खोकं येईल, परत पाठवू नका

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

गुरुवारी संदीपदादा एक खोकं घेऊन येईल. ते ठेवून घ्या. पैसे भरून झालेत. आणि बाबा, किती ते विचारू नका, विचारलंत तर मी खोटं सांगेन.

आत झाडू-पोछा करणारं यंत्र आहे. लहान परातीएवढं गोल, उंचीला चार बोटं. न विचारता मागवलं, कारण विचारलं असतं तर आई म्हणाली असतीस, "मला काय धाड भरलीय?" मार्चमध्ये स्वयंपाकघरात पडलीस ते मला अकरा दिवसांनी आत्याकडून कळलं. म्हणे नुसतं मनगट मुरगळलं. मग प्लास्टर कशाला घातलं होतं? आक्काआजीच्या वेळी काय काय झालं ते इथे लिहीत नाही.

मालनताईंना काढायचं नाही, हे आधीच सांगते. त्या भांड्यांना हव्यात आणि तुझ्याशी बोलायलाही हव्यात. त्या येत नाहीत त्या दिवशी तू बादली घेऊन खाली बसतेस, माझं भांडण त्या बादलीशी आहे.

बाबा, तुम्ही पाठवलेला तो दोन पायांच्या रोबोचा व्हिडिओ मी पाहिला. 2025 च्या ऑक्टोबरात तो 20,000 डॉलरला विक्रीला काढलाय. पण त्याला जे काम जमत नाही, ते कंपनीचा माणूस लांब कुठेतरी बसून, त्याच्या डोळ्यांतून आपलं घर बघत करून देतो. आई पदर खोचून फिरतेय आणि परका माणूस बघतोय! आपल्या यंत्राला कॅमेरा नाही, मुद्दाम तसलंच निवडलं. लेझर फिरवून ते भिंती मोजतं, एवढंच.

इथे जपानात 100 माणसांत 29 जण पासष्टीच्या पुढचे, त्यामुळे यंत्रांचं कुणाला नवल नाही. हॉटेलात मांजराच्या तोंडाचा रोबो ताटं आणून देतो. माझ्या घरमालकीणबाईंची आई वृद्धाश्रमात असते. मागे त्यांच्याबरोबर गेले होते, तर आजींच्या मांडीवर पांढरं केसाळ सीलचं पिल्लू. तेही यंत्रच, पारो म्हणतात त्याला. थोपटलं की डोळे मिटतं, आवाज काढतं. विसराळू झालेली माणसं त्याने शांत होतात, हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. आजी त्याला काहीतरी सांगत होत्या आणि त्यांची मुलगी शेजारी बसून फोन बघत होती. मला तिथे फार वेळ बसवेना. तसलं काही मी तुमच्यासाठी कधी आणणार नाही. फरशी यंत्राने पुसावी, गप्पांना मी आहे. रोज रात्री साडेआठला, तुमच्या.

हे मात्र तुम्हाला आवडेल, बाबा. सोनीने 1999 मध्ये आयबो नावाचा यंत्रकुत्रा काढला होता. पुढे त्याची दुरुस्ती बंद झाली, तेव्हा चिबाकडच्या एका देवळात बंद पडलेल्या आयबोंसाठी भटजींनी मंत्र म्हटले. इथल्या मैत्रिणी हसल्या. मला मात्र आपली खंडेनवमी आठवली. मिक्सरला हळदकुंकू, तुमच्या लुनाला झेंडूचा हार, आणि मी हट्टाने माझ्या कंपासपेटीलाही कुंकू लावलं होतं.

आई, ओल्या फरशीवर मी मुद्दाम पाय उमटवत जायचे, आठवतं? तू ओरडायचीस आणि मग तेच ठसे पुसता पुसता "लक्ष्मीची पावलं गं बाई" म्हणायचीस. प्लास्टरचं कळलं त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून मी हेच आठवत होते.

आता नीट ऐका. यंत्र सकाळी अकरालाच लावायचं, तुम्ही दोघं ओसरीवर बसलात की. रात्री अजिबात नाही, अंधारात पायात येईल. आपला उंबरठा त्याला चढवणार नाही, म्हणून माजघर आणि स्वयंपाकघर एवढंच. ओट्याखालच्या काळ्या कडप्प्यावर ते बहुतेक अडेल. त्याच्या पोटाखाली दिवे असतात, खालून उजेड परत आला नाही की पुढे जिना आहे असं ते समजतं. काळा दगड उजेड गिळतो, म्हणून त्याला तिथे विहीर दिसते. रागावू नका, उचलून पुढे ठेवा. उचलायचं बाबांनी, आईने नाही! पाण्याच्या टाकीत फिनेल ओतायचं नाही. देवघरापुढची रांगोळी ते फस्त करेल, पाट आडवा ठेवा. ब्रशात केस अडकतात, ते दर रविवारी कात्रीने काढायचे, आधी बटण बंद करून. आणि बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर "बघू" म्हणून राहते, ती राहू द्यायची नाही.

एक राहिलं. माझं इथलं काम आणखी दोन वर्षांनी वाढलंय. मी हो म्हटलंय. फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर गेले. घराचं कर्ज फिटेल, बढती आहे, दिवाळीला पंधरा दिवस येणारच, तिकीट काढून ठेवलंय. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी खोकं आधी आणि बातमी नंतर, असं का लिहिलं ते तुम्हाला कळलंच असेल.

आई, मनगट शेकतेस ना?

तुमची,
छकुली

ता. क. यंत्राला नाव ठेवणारच तुम्ही. गोट्या सोडून काहीही ठेवा.