रोशफोरला दोन डोळे होते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ड्यूमाच्या ‘थ्री मस्केटियर्स’ या फ्रेंच कादंबरीवरचा लेख काल वाचला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. लेखकाने मेहनत घेतली आहे, भाषाही चांगली आहे. पण कादंबरीचा नायक डार्टानियन आणि त्याचा वैरी, फ्रान्सच्या कारभारी कार्डिनलचा हस्तक रोशफोर, यांच्याबद्दलचं ‘अखेर डार्टानियन रोशफोरला ठार मारून जुन्या अपमानाचा सूड उगवतो’ हे वाक्य धडधडीत चूक आहे. कादंबरीची शेवटची दोन पानं वाचली असती तरी ते लिहिलं गेलं नसतं.

उपसंहारात डार्टानियन आणि रोशफोर तीनदा लढतात. तिन्ही वेळा रोशफोर जखमी होतो. तिसऱ्यांदा डार्टानियनच त्याला उठवायला हात पुढे करतो आणि म्हणतो, चौथ्या वेळी बहुतेक तुम्ही मराल. पडलेला रोशफोर उत्तर देतो की मग इथेच थांबलेलं बरं. पहिल्या भेटीनंतर मी कार्डिनलच्या कानात एक शब्द टाकला असता तर तुमची मान केव्हाच उडाली असती. आणि दोघं मनापासून गळाभेट घेतात. डार्टानियनचा नोकर प्लांशे, त्याला सार्जंटची जागा मिळते तीही रोशफोरच्याच कृपेने. यात सूड कुठे आहे? ज्या माणसापायी डार्टानियनने पहिल्या प्रकरणात मार खाल्ला, ज्याने वडिलांनी दिलेलं पत्र पळवलं, डार्टानियनच्या प्रेयसीला, कॉन्स्टन्सला पळवून नेलं, त्याच माणसाशी शेवटी दिलजमाई होते. माझ्या मते अख्ख्या कादंबरीत याहून मोठं काही नाही, आणि तेच तुमच्या लेखाने पुसून टाकलं.

मला हे इतकं लागण्याचं कारण सांगतो. मागे एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत माझ्या नातीला विचारलं होतं, रोशफोरला कोण मारतं? तिने उत्तर दिलं, कोणी मारत नाही, त्यांची मैत्री होते. उत्तर चूक धरलं आणि गुण शेजारच्या संघाला गेले. मी पुस्तक घेऊन परीक्षकांकडे गेलो, पान उघडून समोर धरलं. त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘आमच्या उत्तरांच्या कागदावर असंच आहे,’ एवढंच म्हणाले. पोरीने बक्षिसाचं दुःख केलं नाही. ‘आजोबा, पण माझं बरोबर होतं ना?’ हे मात्र ती घरी येईपर्यंत विचारत होती. आता तीच चूक तिने तुमच्या वर्तमानपत्रात वाचली. तिला मी काय सांगू?

हा घोळ कुठून आला तेही कळतं. 1845 मध्ये आलेल्या पुढच्या भागात, ‘वीस वर्षांनंतर’मध्ये, रोशफोर खरोखर डार्टानियनच्या तलवारीने मरतो. पण पॅरिसच्या दंगलीत, गर्दीत, ओळख न पटल्यामुळे. आधीचे तीन घाव भरले, हा चौथा भरायचा नाही, असं तो मरताना म्हणतो. मित्राच्या हातून मित्र गेला, त्याला सूड म्हणणं हा अन्याय आहे.

लेखासोबतच्या चित्राबद्दलही बोललंच पाहिजे. रोशफोरच्या डोळ्यावर काळी पट्टी! ड्यूमाने पहिल्याच प्रकरणात त्याचे काळेभोर, भेदक डोळे वर्णिले आहेत. खूण आहे ती कानशिलावर, गोळी चाटून गेल्यासारखी, आणि तेवढ्यावरून मस्केटियर्सचा कप्तान त्रेव्हिल त्याला ओळखतो. ती पट्टी 1973 च्या चित्रपटात ख्रिस्तोफर लीने बांधली आणि पुढच्या चित्रपटवाल्यांनी उचलली. पट्टी बांधली की माणूस खलनायक ठरतो, मग पुस्तक वाचायची गरज उरत नाही. अरास गावच्या सरायीत याच रोशफोरच्या टोपीतून एक चिठ्ठी पडते, डार्टानियन अर्धा पिस्तोल (त्या काळचं सोन्याचं नाणं) मोजून ती घोडेवाल्याकडून घेतो, आणि तीवरच्या ‘आर्मांतियेर’ या एका शब्दावरून, म्हणजे गावाच्या नावावरून, कादंबरीतल्या खलनायिकेचा, मिलेडीचा माग लागतो. इतक्या मोलाच्या पात्राला लेखात अडीच ओळी!

मुलांसाठी कापून छोट्या केलेल्या आवृत्त्यांवर ‘संक्षिप्त’ हा शब्द ठळक छापावा, अशी प्रकाशकांनाही विनंती आहे. उपसंहार गाळलेलं पुस्तक मुलांच्या हातात ‘संपूर्ण कादंबरी’ म्हणून पडतं आणि पुढे तीच मुलं परीक्षक होतात.

आपण दुरुस्ती छापाल अशी खात्री आहे. ती त्याच पुरवणीत, लेखाच्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापावी. मागच्या खेपेची दुरुस्ती हवामानाच्या चौकटीखाली टाकली होती, ती आमच्या वाचनालयात एकाच्याही नजरेस पडली नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली