‘उंबेर्तो डी’ संथ नाही

संपादक महोदय,

धरमपेठेत नुकताच इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९५२चा ‘उंबेर्तो डी’ हा सिनेमा दाखवला. नंतरच्या चर्चेत ‘नुसतं रडगाणं’, ‘काहीच घडत नाही’ असं ऐकून फार वाईट वाटलं. अहो, मोलकरीण मारिया सकाळी कॉफी दळते, बसल्या जागी पायानं दार लोटते, पोटाकडे बघते आणि तिचे डोळे भरतात. पोरीला दिवस गेलेत! आणखी काय घडायला हवं?

पेन्शनीत भाडं न भागणारा म्हातारा उंबेर्तो भीक मागायला हात पसरतो, नाणं पडणार तोच तळवा उलटा करतो. जणू पाऊस बघतोय. माझ्या शेजारचे पेन्शनर काका तेव्हा चष्मा काढून बसले होते. उंबेर्तोची भूमिका करणारे कार्लो बात्तिस्ती नट नव्हते, भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. आयोजकांनी हा सिनेमा मराठी उपशीर्षकांसह पुन्हा दाखवावा, आणि दुपारी. रात्री वयस्कांना परतायला जड जातं.

– एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर