वरमायच्या चेहऱ्यासाठीही दोन शब्द छापा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या लग्नसराई पुरवणीत नुकत्याच आलेल्या मेकअपविषयक लेखात बेसन-मुलतानी मातीचा लेप, लिंबाचा रस, मॅट फाउंडेशन आणि वरून सढळ हाताने कॉम्पॅक्ट असा सल्ला दिला आहे. तेलकट त्वचेच्या, पंचविशीतल्या आणि दमट हवेच्या गावात राहणाऱ्या नवरीला त्यातला बराचसा भाग चालून जाईल. (लिंबू मात्र कोणीच तोंडाला चोळू नये, रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी काळवंडते.) परंतु लातुरात पार्लर चालवताना मला रोज दिसते ते असे, की नवरी एकटी कधीच येत नाही, तिच्यासोबत आई, मावशी, आत्या, चुलती येतात, वरपक्षाकडून वरमाय येते, आणि पन्नाशी-साठीच्या या बायकांवर हा सल्ला नेमका उलटा पडतो. अक्षता पडायच्या आत ओठांच्या कडेला बेस तडकतो, डोळ्यांखालची पावडर रेघांत जाऊन बसते आणि सगळे वयावर ढकलून मोकळे होतात. माझ्या मते त्यात वयाचा वाटा थोडा आणि तयारीच्या अभावाचा मोठा असतो.

पाळी थांबल्यानंतर चेहऱ्यावरच्या तैलग्रंथी मंदावतात आणि त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन झपाट्याने घटते. पहिल्या पाच वर्षांतच ते सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. वरच्या थरातली स्निग्धताही घटल्यामुळे आतले पाणी हवेत उडून जात राहते. त्यात आपल्या मराठवाड्याची हवा. तुळशीचे लग्न झाल्यावर सुरू होणारी कोरडी थंडी असो की एप्रिल-मेमधले चाळिशी ओलांडणारे ऊन, दोन्ही ऋतूंत हवेत ओलावा नसतो, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. बहुतेक घरांत अंघोळीला बोअरचे जड पाणी. त्यात साबणाचा फेस होत नाही, उलट साबणाचा चिकट साका कातडीवरच राहतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि अंगाचा साधा साबण चांगलाच अल्कधर्मी, त्यामुळे तोंड धुऊन खुर्चीत बसलेली बाई पाच मिनिटांत म्हणते, "पोरी, तोंड ओढल्यावानी व्हायलंय." अशा चेहऱ्यावर फाउंडेशन कितीही महागाचे लावले, तरी ते पोपडे शोधून त्यांनाच चिकटते.

म्हणून तयारी लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवी, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. चेहऱ्याला साबण बंद करावा, कोमट पाण्याने व सौम्य, फेस न करणाऱ्या क्लेन्झरने तोंड धुवावे, टॉवेलने खसाखसा न पुसता नुसते टिपावे आणि चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड (त्वचेच्या वरच्या थरात मुळात असणारा स्निग्ध घटक) असलेले घट्टसर क्रीम लावावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत वर झाकण नसेल तर ते पाणी टिकत नाही. म्हणून रात्री क्रीमवर, विशेषतः गालांवर आणि ओठांच्या कडांना, पेट्रोलियम जेलीचे अगदी पातळ बोट फिरवावे. दिवसा 30 किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन. ब्लीच आणि खरबरीत स्क्रब या वयात टाळलेलेच बरे, आणि आयुष्यात पहिल्यांदा करायचे फेशियल लग्नाच्या आदल्या दिवशी करून घेण्याचा हट्ट तर कोणत्याही पार्लरने मान्य करू नये.

हळदीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हल्ली पुष्कळ घरांत हळद गुलाबपाण्यात किंवा बेसनात कालवतात. ती वाळली की असेल-नसेल तेवढे तेल ओढून घेते. नवरीला हळद लागली की बायका एकमेकींचीही तोंडे माखतात, आणि मग रात्री ती पिवळी छटा घालवण्यासाठी साबणाने घासाघीस चालते. दुसऱ्या दिवशी कातडी लाल असते, पिवळेपणा कानाजवळ तसाच असतो आणि फाउंडेशनची शेड त्या पिवळ्यावर जुळवली जाते, ती फोटोत चुकीची दिसते. जुन्या बायका हळद तेलात कालवत, ते शहाणपणाचे होते. करडईचे किंवा खोबऱ्याचे तेल हळदीआधी चेहऱ्याला लावावे आणि नंतर हळदही तेलानेच पुसून काढावी. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो.

लग्नाच्या दिवशी माझा क्रम साधा असतो. ओलसर चेहऱ्यावर क्रीमचा एक पातळ हात, तो मुरल्यावर गाल व डोळ्यांभोवती दुसरा, ओठांना बाम. मग निदान दहा मिनिटे थांबायचे, आणि तेवढ्या वेळात केस आवरून घ्यायचे. क्रीम न मुरताच बेस लावला तर तो घसरतो, त्याच्या गोळ्या होतात. वर राहिलेले टिश्यूने टिपून सनस्क्रीन, तेही बसू द्यायचे, आणि मग पातळ, ओलावा असलेले फाउंडेशन ओल्या स्पंजने दाबत, जेथे गरज आहे तेथेच. यानंतर मी काकूंना मुद्दाम हसायला आणि बोलायला लावते. हसताना रेघांत जमा झालेले फाउंडेशन कोरड्या स्पंजने उचलून घेतल्याशिवाय पावडर लावत नाही, आणि लावली तर नाकाच्या बाजूंना व हनुवटीवर, चिमूटभर. डोळ्यांखाली नाहीच. लालीही क्रीमची. दुपारी मंगल कार्यालयात घाम आला तर पदराने पुसू नये, टिपावा. त्यावर पुन्हा कॉम्पॅक्ट थापला की सकाळची सगळी मेहनत वाया जाते.

एक गोष्ट मात्र पार्लरच्या आवाक्याबाहेरची आहे. वांगासाठी (चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी) किंवा उजळपणासाठी मेडिकलमधून विचारून आणलेली, स्टेरॉइड असलेली मलमे कित्येक बायका वर्षानुवर्षे लावतात. त्यांनी कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, आणि मलम एकाएकी बंद केले की चेहरा भडकतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली; तरी नुसते नाव सांगून ती मिळतात, हे माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांकडूनच मी ऐकते. असा चेहरा दिसला की मी मेकअपची वेळ न देता त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगते, आणि गिऱ्हाईक नाराज होते.

आमच्याकडच्या प्रशिक्षण वर्गांत सरावासाठी बहुधा तरुण मुलींनाच बसवले जाते, त्यामुळे नव्या पार्लरवालीला सुरकुतलेल्या पापणीवर आयलायनर कसे ओढायचे, हेही ठाऊक नसते. निदान वृत्तपत्रांनी तरी ही उणीव भरून काढावी. तुळशीच्या लग्नानंतरची आपली पुढची पुरवणी निघेल, तेव्हा तिच्यातले अर्धे पान पन्नाशीपुढच्या कोरड्या त्वचेसाठी राखून ठेवावे, आणि ते लातूर, अंबाजोगाई किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे, ही विनंती. सोबतची छायाचित्रेही त्याच वयाच्या बायकांची असावीत.

आपली,
एक पार्लरचालक वाचक, लातूर