लुंगलेईचे मूठभर तांदूळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईशान्य भारतातील चर्चविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस जी उलटसुलट चर्चा चालू आहे, ती मी पहिल्यापासून वाचत आलो आहे. तिकडची चर्च परदेशी पैशावर चालतात आणि धर्मांतराखेरीज त्यांना दुसरा उद्योग नाही, असे एका वाचकांनी लिहिले. तर तेथील लोक मुळातच सेवाभावी आहेत, असे दुसऱ्यांनी त्यांना उत्तर दिले. दोन्ही पत्रे तळमळीने लिहिलेली होती, पण दोहोंतही एखादे चर्च आठवड्याचे सात दिवस नेमके काय करते, याविषयी एक ओळही नव्हती. माझी सारी नोकरी बँकेत गेली. निवृत्तीपूर्वीची शेवटची तीन वर्षे, म्हणजे २०१९ ते २०२२, मी मिझोरममधील लुंगलेई येथे बदलीवर होतो आणि आमच्या भाड्याच्या घराच्या खालच्या अंगाला, दगडी पायऱ्या उतरल्या की लगेच, एक बॅप्टिस्ट चर्च होते. मी हिंदू आहे आणि तेथून परतल्यावरही हिंदूच आहे. जे पाहिले तेवढेच येथे लिहितो.

लुंगलेई हे मिझोरममधील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. ऐझॉलहून सुमो गाडीने निघाले की डोंगरातल्या वळणांमध्ये अख्खा दिवस जातो, आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर दुसरा दिवसही. राज्याच्या उत्तर भागात प्रेस्बिटेरियन पंथाचे प्राबल्य आहे, तर दक्षिण भाग बॅप्टिस्टांचा. या वाटणीचे मूळ शंभराहून अधिक वर्षांमागे आहे. लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी ११ जानेवारी १८९४ रोजी मिझो डोंगरात प्रथम आले. मिझो भाषेला तोवर लिपी नव्हती; त्यांनी रोमन अक्षरांची वर्णमाला तयार केली. काही वर्षांनी ते परत गेले आणि १९०३ मध्ये लंडनच्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीतर्फे पुन्हा आले, ते थेट लुंगलेईला. शहराला लागूनच असलेल्या सेरकॉन येथे त्यांनी ठाणे वसवले. त्याच ठिकाणी आज मिझोरम बॅप्टिस्ट चर्चचे मुख्यालय, शाळा आणि रुग्णालय आहे. मिशनरी परत गेल्याला कित्येक दशके लोटली. पुढचा सगळा कारभार मिझो माणसांनीच पाहिला आहे.

मराठी वाचकांना या सोसायटीचे नाव अगदीच परके वाटू नये. १७९२ मध्ये जिच्या स्थापनेत विल्यम कॅरी हा मूळचा चांभारकाम करणारा इंग्रज पुढे होता, तीच ही संस्था. कॅरीने १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचे व्याकरण छापले (हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे) आणि १८१० मध्ये मोडी लिपीच्या टाइपात मराठी-इंग्रजी कोश काढला. पंडित वैजनाथ शर्मा यांचे त्याला साहाय्य होते. शाळेत वाङ्मयेतिहासात हे नाव पाठ केले होते, त्याचा धागा लुंगलेईत माझ्या खिडकीखाली निघेल, असे मला कधी वाटले नव्हते.

आता मूळ मुद्दा. त्या चर्चचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शनिवारी रात्री पुढच्या रविवारच्या तयारीपाशी संपतो. रविवारी शहर कडकडीत बंद असते. चहाची टपरीसुद्धा उघडत नाही, आणि पहिल्या महिन्यात शनिवारी दूध आणून ठेवायचे विसरल्यामुळे मला आणि पत्नीला दोनदा काळा चहा प्यावा लागला. सकाळी संडे स्कूल, म्हणजे बायबलची शिकवणी, भरते. संडे स्कूल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लहान मुले येतात. तेथे मात्र वयाप्रमाणे वर्ग असतात आणि सत्तरी-पंचाहत्तरीचे आजोबाही वही घेऊन आपापल्या वर्गात बसतात. वर्षाअखेर परीक्षा असते. आमच्या घरमालकांच्या आई परीक्षेच्या आदल्या रात्री चष्मा लावून पाठ करीत बसलेल्या मी पाहिल्या आहेत आणि निकालाच्या दिवशी त्यांची धाकधूकही पाहिली आहे. ज्या भाषेला १८९४ पूर्वी अक्षर नव्हते, त्या लोकांच्या राज्याची साक्षरता २०११च्या जनगणनेत ९१ टक्क्यांवर गेली, आपल्या महाराष्ट्राची ८२ टक्क्यांच्या आसपास राहिली. सरकारी शाळांचे श्रेय मी नाकारत नाही. पण प्रौढ माणसाच्या हातात दर आठवड्याला पुस्तक देणारी दुसरी यंत्रणा माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुपारची आणि रात्रीची उपासना, बुधवारी रात्री प्रार्थना, बायकांची वेगळी बैठक, तरुणांची वेगळी, शनिवारी रात्री पुन्हा प्रार्थना. हिवाळ्यात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, लोक पाच-सहाला जेवून घेतात आणि मग पायऱ्यांवरून बॅटऱ्यांचे उजेड खाली उतरताना दिसू लागतात. बायका ठेवणीतले पुआन, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचे त्यांचे विणलेले वस्त्र, नेसलेल्या असतात. गाणे सुरू झाले की खुआंग, म्हणजे त्यांचा ढोल, वाजू लागतो. परदेशी मिशनऱ्यांच्या आरंभीच्या उपासनेत या ढोलाला स्थान नव्हते. लोकांनीच तो पुढे आत आणला. गाणे मला फारसे कळत नसे, पण आपल्याकडे भजनी मंडळात रात्र चढत जाते तसे काहीसे तेथेही घडते, एवढे नक्की.

बॅप्टिस्ट म्हणजे काय, हेही थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे सगळे ख्रिस्ती एकाच मापाने मोजले जातात. हे लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. मूल कळते झाले आणि स्वतःच्या तोंडाने विश्वास सांगू लागले की मग त्याला पूर्णपणे पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. स्थानिक चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना 'उपा' म्हणतात आणि त्यांना सभासद निवडतात. आमच्या शेजारचे एक उपा तारखात्यातून निवृत्त झालेले तारमास्तर होते, दुसऱ्यांचे किराणा दुकान होते.

आणि या सगळ्याला पैसा कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर मला एका सकाळी शेजारणीच्या स्वयंपाकघरात मिळाले. तिने भातासाठी तांदूळ मापून घेतले, पातेल्यात ओतले, आणि ते धुण्याआधी त्यातून एक मूठ काढून चुलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. बोलणे चालूच होते. हात आपोआप गेला. माझ्या पत्नीने विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "बुहफाई थाम." बुहफाई म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. दिवसातून दोनदा भात शिजतो, दोनदा मूठ निघते. आठवड्यातून एकदा त्या वेंगमधल्या, म्हणजे आपल्या भाषेत पेठेतल्या, बायका पाळीपाळीने पोती घेऊन घरोघर फिरतात, डबे रिकामे करून घेतात, तांदूळ चर्चमध्ये मोजतात आणि विकतात. पुष्कळदा घेणारे तेच शेजारी असतात. आपण दिलेला तांदूळ माणूस आपल्याच पैशाने पुन्हा घरी नेतो. ही पद्धत मिझोरममध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे, प्रेस्बिटेरियनांत आहे तशी बॅप्टिस्टांतही आहे, आणि ती पहिल्यापासून बायकांनी चालवली आहे. दरिद्री डोंगरात रोकड नव्हती, पण भात रोज शिजत होता.

बँकेतल्या माणसाची सवय जात नाही. मी घरी आल्यावर वजनकाट्यावर मूठ मोजली. माझी साठ ग्रॅम भरली, पत्नीची पंचेचाळीस. मधले धरून दिवसाला शंभर ग्रॅम म्हटले, तर एका घराचे महिन्याला तीन किलो होतात; शंभर घरांची वस्ती असेल तर तीन क्विंटल, आणि वर्षाकाठी छत्तीस. कोणाच्याही ताटातला भात त्यामुळे कमी झालेला दिसत नाही. वर्षातून एकदा मोठी देणगी देऊन दगडावर नाव कोरून घेणाऱ्याची मला टिंगल करायची नाही, पण हिशेब दोघांचा मांडून पाहावा.

या पैशाचे होते काय? त्यातून धर्मप्रचारकांचे वेतन निघते. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही, तेथील लोकही ती लपवत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात. त्याला ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो जरूर करावा. मात्र मग हेही मान्य करावे, की तो पैसा परदेशातून आलेला नसून लुंगलेईच्या चुलीपासून निघालेला आहे. त्याखेरीज दशांशाची, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याची, वर्गणी आहे. रुग्णालय, शाळा, आजारी घराला मदत, जळालेल्या घराची उभारणी, ही सर्व कामे याच मार्गांनी चालतात. २०२१च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यावर चिन लोक सीमा ओलांडून मिझोरममध्ये येऊ लागले आणि पुढे त्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. दिल्लीचे धोरण काय असावे, यावर वर्तमानपत्रांत वाद चालू असताना आमच्या पायऱ्यांखालच्या सभागृहात घोंगड्या, भांडी आणि तांदळाची पोती जमू लागली होती. एका रविवारी सूचना झाली आणि मंगळवारी गाडी भरून निघालीसुद्धा. कोविडच्या टाळेबंदीत चर्चला कुलूप होते, उपासना घरच्या घरी होत होती, परंतु डबे रिकामे करायला येणाऱ्या बायका तोंडाला फडके बांधून फाटकाबाहेर उभ्या राहत.

शेजारी एक मृत्यू झाला, त्याचेही सांगतो. रात्री दहाला वृद्ध गृहस्थ गेले आणि अकराच्या आत अंगणात बाक मांडलेले होते. रात्रभर तरुण मुलेमुली गात बसली, सकाळी मुलांनी कबर खणली, आणि त्यानंतरही बरेच दिवस संध्याकाळी कोणी ना कोणी त्या घरी येऊन बसत असे, गाणी म्हणत असे. हे काम मुख्यतः यंग मिझो असोसिएशन या १९३५ मध्ये सुरू झालेल्या संघटनेचे असते, चर्चचे नव्हे. पण मुले तीच, आणि त्यामागचा 'त्लॉमंगाइना' हा शब्दही तोच. न सांगता, न मिरवता, स्वतःला तोशीस लावून घेऊन दुसऱ्याच्या उपयोगी पडणे असा त्याचा अर्थ मला समजावून सांगण्यात आला. मराठीत त्याला एक शब्द मला सापडला नाही.

सगळे गोडच होते, असे लिहिले तर ते खोटे होईल. जो मूठ काढीत नाही तो सर्वांना माहीत असतो आणि त्या माहीत असण्याचा भार हलका नसतो. चर्चच्या आग्रहामुळे राज्यात दारूबंदी होती, मधल्या काळात उठली आणि २०१९ मध्ये पुन्हा आली. तिच्या आडून काय चालते, हे तेथे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरुणांपैकी काहींना आठवड्याचे हे वेळापत्रक जाचक वाटते, आणि बँकेच्या काउंटरवर उभे राहून त्यांनी ते मला बोलूनही दाखवले आहे. बाहेरून आलेल्या माणसाला त्या वर्तुळात प्रेमाने बसवतात, पण तो बाहेरचाच राहतो.

मुठीची कल्पना आपल्याला नवी नाही. मी सातारा जिल्ह्यातला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडातून, म्हणजे घराघरांतल्या मूठमूठ धान्यातून, वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली, हे येथे पोरासोरांनाही माहीत आहे. पणजीतल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावात तर ती मूठ अजून शिल्लक आहे. माझी आजी जात्याशेजारी एक गाडगे ठेवीत असे. फरक इतकाच, की आपल्याकडे त्या गोष्टीची जयंतीला आठवण काढतात, आणि तेथे ती आज सकाळीही घडली असेल.

पहिल्या पत्रलेखकांनी एक प्रश्न विचारला होता, की या पैशाचा हिशेब कोण ठेवतो आणि कोण तपासतो. माझ्या शेजारच्या चर्चपुरते उत्तर देतो. दोन बायका आणि ते तारमास्तर उपा दर आठवड्याला लाकडी टेबलाशी बसून पोती मोजत आणि लाल कापडी पाठीच्या वहीत आकडे लिहीत. एकदा मी सहज डोकावलो असता बेरजेत तीस रुपयांची चूक दिसली, कमी धरलेली. मी बोट ठेवले, त्यांनी पुन्हा बेरीज केली, आभार मानले. पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी उपा उठले आणि काहीतरी बोलले, तशी चार-दोन माणसे वळून माझ्याकडे पाहू लागली. शेजारणीने हळूच मोडक्या हिंदीत मला सांगितले, की मागच्या आठवड्याचा आकडा तीस रुपयांनी चुकला होता, तो दुरुस्त केला आहे आणि चूक बँकेच्या साहेबांनी दाखवली, असे ते म्हणत आहेत.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
सातारा