रेकॉर्डिंगचा रस्ता वेगळा : तपकीर गल्लीतल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेबलासमोर उभं राहून आभार मानायला गेलो तर सोल्डरिंगवरची नजरसुद्धा न उचलता "बरं बरं, पुढचं बोला" म्हणाल, हे ठाऊक आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. वाचनालयाच्या श्राव्य कक्षातला जुना ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, चालवणारं मशीन) तुम्ही दोन रविवार खपून मार्गी लावलात आणि फक्त केबलचे पैसे घेतलेत. जाताना मशीनच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलीत : "रेकॉर्डिंगचा रस्ता वेगळा, ऐकण्याचा वेगळा." पुष्कळ घरांत असंच मशीन धूळ खात पडलंय आणि कपाटात कॅसेटी बुरसत आहेत. त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून तुम्ही केलंत ते सगळं इथे तपशिलानं लिहितो.

आधी रेकॉर्डिंग, म्हणजे कॅसेटी-तबकड्या संगणकात उतरवणं. रिसीव्हरच्या मागे 'टेप' किंवा 'सीडी-आर' या नावाखाली पिनांच्या दोन जोड्या असतात. एक 'इन' किंवा 'प्ले', दुसरी 'आउट' किंवा 'रेक'. रेक आउटचा सिग्नल व्हॉल्यूमच्या खुंटीच्या आधीच वेगळा निघतो. म्हणजे व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी रेकॉर्डिंग होत राहतं, आणि बेस, ट्रेबल, सराउंड मोड, स्पीकरची पातळी यातलं काहीही त्यात उतरत नाही. प्री आउटच्या (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणाऱ्या) पिना मात्र व्हॉल्यूमच्या नंतरच्या असतात. तिथून रेकॉर्ड केलं आणि मधेच कुणी आवाज कमी केला, तर रेकॉर्डिंगमध्येही गाण्याचा आवाज तिथे खाली जातो. दोन्ही पिना दिसायला सारख्या, शेजारीशेजारी. म्हणून तुम्ही रेक आउटभोवती लाल टेप गुंडाळलात. मशीन स्टँडबायमध्ये टाकून चालत नाही, चालूच लागतं, हेही त्याच वेळी बजावलंत.

सीडी ऐकू यायची आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता. त्याचं कारण तुम्ही मशीनचं झाकणही न उघडता सांगितलंत. प्लेअर ऑप्टिकल वायरनं जोडलेला होता, आणि अशा बहुतेक रिसीव्हरमध्ये डिजिटलमधून आलेला आवाज ॲनालॉग रेक आउटकडे जातच नाही. एचडीएमआयचंही तेच. इलाज साधा : ऑप्टिकल तशीच ठेवून प्लेअरच्या लाल-पांढऱ्या पिनांपासून रिसीव्हरच्या सीडी इनपर्यंत आणखी एक वायर. ज्या नव्या मशीनांना रेक आउटच नाही, त्यांच्यासाठी झोन २ चं (दुसऱ्या खोलीसाठीचं) प्री आउट वापरायचं आणि मेनूत सोय असेल तर त्या झोनचा व्हॉल्यूम 'फिक्स्ड' करून टाकायचा, ही युक्तीसुद्धा तुमचीच. नव्या मशीनवाल्यांनी ती लिहून ठेवावी.

दुसरा घोळ किंचाळीचा. संगणकातून परत येणारी वायर ऑक्स नावाच्या जादा इनमध्ये खोचलेली होती. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग चालू ठेवून ऑक्स निवडलं की रेक आउटमधून संगणकात, संगणकातून ऑक्समध्ये आणि तिथून पुन्हा रेक आउटमध्ये अशी फेरी सुरू व्हायची आणि दोन सेकंदांत स्पीकर किंचाळायचे. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जळायला एवढं पुरतं. तुम्ही परतीची वायर रेक आउटच्याच जोडीदार पिनांत, म्हणजे टेप इनमध्ये लावलीत. टेप निवडला की रिसीव्हर स्वतःच त्या जोडीचं रेक आउट बंद करतो. मशीन बनवणाऱ्यांनी ही काळजी आधीच घेतलेली असते, आपण भलतीकडे वायर खोचून ती मोडून काढतो.

लॅपटॉपच्या कडेच्या एकुलत्या भोकातली आत येणारी वाट माइकची असते आणि बहुधा मोनो. त्यात लाइनचा (प्लेअर किंवा डेकमधून येणारा, माइकपेक्षा जोरदार) सिग्नल सोडला की आवाज फाटतो आणि डावं-उजवं एकत्र होतं. म्हणून लाइन इन असलेला यूएसबी इंटरफेस घ्यायला लावलात, आणि त्यावरचा खटका 'माइक'वर नाही ना, हे दरवेळी बघायला सांगितलंत. पातळीच्या बाबतीत तुम्ही कडक : २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोराची जागा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा (० म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा). दर बिटामागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे १२ सोडले तरी २२ बिट उरतात. कॅसेटच्या खरखरीपुढे ते उदंड झाले. उलट ० ला टेकलेला आवाज एकदा कापला गेला की कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणत नाही. एलपी तबकडीवर ओरखड्याचा 'टक्' गाण्यापेक्षा मोठा येतो, त्यालाही ही मोकळी जागा लागते. सीडीचा सिग्नल चांगला २ व्होल्टपर्यंत जातो, कॅसेट डेकचा त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास, तेव्हा स्रोत बदलला की गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) पुन्हा लावायचा.

तबकडीच्या बाबतीत आमचं चुकलं होतं ते असं. टर्नटेबलच्या मागचा खटका 'लाइन'वर आणि वायर रिसीव्हरच्या 'फोनो'त. सुईतून येणारे ४-५ मिलिव्होल्ट एकदा शंभरपट वाढायला हवेत, ते दोनदा वाढत होते, आणि बेस भरून काढणारी दुरुस्तीही दोनदा होत होती. आवाज मडक्यातून आल्यासारखा येई तो त्यामुळे. फोनोत लावायचं तर खटका फोनोवर. खटका लाइनवर ठेवायचा तर फोनो सोडून दुसरी कुठलीही इन चालेल. आणि टर्नटेबलची ती बारीक अर्थची तार रिसीव्हरच्या 'जीएनडी' स्क्रूखाली आवळायची, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण ठरलेली. उरलेली गुणगुण कुठली, हे शोधायला तुम्ही एकेक वायर काढत गेलात. लॅपटॉपचा चार्जर उपसला आणि ती थांबली. तेव्हापासून रेकॉर्डिंग बॅटरीवर. प्लगची अर्थ पिन तोडण्याचा 'उपाय' कुणीतरी सुचवला, त्यावर तुम्ही जे बोललात ते इथे छापण्यासारखं नाही, पण ते अगदी बरोबर होतं.

आता ती कॅसेट. नाट्यगीतांच्या एका कॅसेटचा डाव्या बाजूचा आवाज दबका होता, म्हणून कुणीतरी मेनूत जाऊन डाव्या स्पीकरची पातळी ४ डेसिबलनं वाढवून ठेवली होती. रेकॉर्डिंगमध्ये डावी बाजू दबकीच राहिली, आणि बाकी सगळं संगीत मात्र कायमचं डावीकडे कललं. दोन रस्त्यांची चिठ्ठी लिहिलीत ती त्या दिवशी. मग आयसोप्रोपिलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा डेकच्या हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) फिरवलात. पहिला चॉकलेटी निघाला, दुसरा पिवळसर, तिसरा पांढरा. चार डेसिबल त्या चॉकलेटी बोळ्यावर होते. नंतर हेडचा कोन जुळवायला आवाज मोनो करून हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू केसभर फिरवलात, ऑर्गनच्या वरच्या पट्टीतले सूर सगळ्यात टोकदार ऐकू येईपर्यंत. डॉल्बीचा (खरखर कमी करणारा) खटका कॅसेट जशी भरली असेल तसाच ठेवायचा. साध्या कॅसेटला डॉल्बी लावलं की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं.

स्पीकरचं काम तुम्ही शेवटी घेतलंत, आणि त्यातही पातळी सगळ्यात शेवटी. आधी तारा. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा रिसीव्हरपासून सोडवून त्यांना १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवलात, अधिक टोक लाल तारेला. पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर. मागचा डावा आत गेला. सतरंजीखालच्या सांध्यात लाल-काळं उलटं जोडलेलं निघालं. मग मेनूत पाचही स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ (त्याखालचे सूर सबवूफरकडे), आणि सबवूफरची स्वतःची क्रॉसओव्हर खुंटी शेवटपर्यंत वर, म्हणजे दोन गाळण्या एकावर एक बसत नाहीत. स्पीकरपासून खुर्चीपर्यंतची अंतरं मोजपट्टीनं मोजून भरलीत. एक मीटर म्हणजे आवाजाला जवळजवळ ३ मिलिसेकंद, तेव्हा अंदाजपंचे आकडा टाकायचा नाही.

ध्वनिमापक ट्रायपॉडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, तोंड छताकडे. त्यावर 'सी' वेटिंग (खालचे सूरही मोजणारं), 'स्लो' (आकडा संथ हलणारा). स्वतः बाजूला उभे राहिलात, कारण माणसाच्या अंगामुळेही आकडा बदलतो. टेस्ट टोनचा तो 'शूऽऽ' आवाज सुरू करून पुढच्या डाव्यावर ७५ डेसिबल लावलेत आणि मग व्हॉल्यूमला हात लावला नाहीत. पुढचा उजवा ७५, मधला ७१, मागचा उजवा ८०, मागचा डावा ७७. मागचा उजवा खुर्चीपासून १.२ मीटरवर आणि डावा १.९ मीटरवर, तेव्हा फरक अपेक्षितच. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल वाढतात, खोलीत भिंतींमुळे थोडे कमी. मागच्या दोघांना उणे ५ आणि उणे २ दिलेत. मधल्याला लगेच अधिक ४ न देता आधी तो कपाटाच्या खणातून पुढे ओढून कडेला आणलात आणि खाली रबराचे दोन तुकडे सरकवून तोंड वर केलंत. लगेच ७३ झाले, अधिक २ पुरले, आणि संवादांची कुरबुर थांबली.

रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (मशीन स्वतःच पातळ्या लावतं ते) सबवूफरला उणे १२ दाखवत होतं. तो हिशोब नसून मशीननं हात टेकल्याची खूण आहे, हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. तिथे मेनूची मर्यादाच संपते. सबच्या मागची गेन खुंटी खाली घेऊन पुन्हा मोजल्यावर आकडा उणे ३ वर आला. मोबाइलचं ॲप पाच स्पीकरांची आपापसात तुलना करायला चालतं, पण फोनच्या माइकला खालचे सूर धड ऐकू येत नसल्यानं सबसाठी त्यावर विसंबायचं नाही, हे खास आमच्या तरुण मंडळींसाठी लिहितोय.

हक्कांचा प्रश्नही तुम्हीच काढला होतात. वाचनालयाकडे डिजिटल नसलेली प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवायला सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालयांना कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं मुभा आहे. तेवढंच करतो आहोत. पेनड्राइव्हवर भरून कुणाला देत नाही.

सबचा फेजचा (पडद्याची हालचाल उलटवणारा) खटका ० वर ठेवायचा की १८० वर, एवढं राहिलंय. ८० हर्ट्झचा टोन लावून दोन्हीकडे मोजून बघा आणि ज्यात आकडा मोठा ते ठेवा, म्हणाला होतात. आज संध्याकाळी ते करतो. कारण तुमचा ध्वनिमापक अजून आमच्याच ट्रायपॉडवर आहे. मंगळवारी तुम्ही शटर उघडायच्या आत आणून देतो.

आपले,
श्राव्य कक्षातले सगळे