सुट्टी नको, तारीख हवी

‘सणांच्या नावाखाली परीक्षा पुढे ढकलू नका’ हे वाचकपत्र वाचले. सगळ्यांची परीक्षा ढकलू नये, हे मान्य. पण एकट्या विद्यार्थ्याने काय करावे?

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या, कडक उपासाच्या दिवसाला आम्ही कोकणात ‘दारफाळणीचा सण’ म्हणतो. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, सुमारे 25 तास पाण्याचा थेंबही नाही. पुण्यात वसतिगृहात होते तेव्हा मेस रात्री आठला उघडायची, म्हणजे उपास सुरू झाल्यावर! मग दुपारीच बांधून घेतलेल्या गार पोळ्या साडेपाचला खायच्या. दुसऱ्या दिवशी रास्ता पेठेतल्या सिनेगॉगऐवजी (आमच्या प्रार्थनास्थळाऐवजी) प्रयोगशाळेत तोंडी परीक्षा. ‘हा कुठला सण?’ असे सरांनी विचारले. विचारण्यात खोच नव्हती, माहितीच नव्हती.

महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आमच्या सणांच्या तारखा कित्येक वर्षे आधी ठरलेल्या असतात. 2026 चा योम किप्पूर 20 सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होतो. प्रवेशाच्या वेळीच अशा तारखा लिहून घ्याव्यात आणि त्या दिवशीची तोंडी किंवा प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या तुकडीबरोबर द्यायची मुभा असावी.

— एक वाचक, ठाणे