कन्सोल की संगणक : हिशेब घरचा मांडावा

महोदय,

दिवाळीची खरेदी तोंडावर आली की नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानांत एक संवाद हमखास कानावर पडतो. मुलगा गेमिंगसाठी संगणक मागत असतो, दुकानदार ऐंशी-नव्वद हजारांचा आकडा सांगतो आणि वडील पलीकडच्या कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या) खोक्याकडे बोट दाखवून ‘मग हे काय वाईट आहे?’ असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र दोन खोक्यांवरच्या किमती शेजारी शेजारी ठेवून त्याचे उत्तर मिळत नाही, असे माझे मत आमच्याच कुटुंबात २०२३ साली झालेल्या दोन खरेद्यांमुळे बनले आहे. माझ्या मुलाने संगणक जुळवून घेतला, तर महाल भागात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने पुतण्यासाठी प्लेस्टेशन ५ हे सोनी कंपनीचे कन्सोल आणले. हिशेबनिसाच्या नोकरीतली खोड म्हणून दोन्हींचा खर्च मी वहीत टिपत आलो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये हे कन्सोल भारतात विक्रीला आले, तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्रकाराची किंमत ४९,९९० रुपये होती; पुढच्या वर्षाच्या अखेरीस ती ५४,९९० झाली आणि भावाने तेवढेच मोजले. खर्च तिथे थांबला नाही. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. पुतण्याने खेळून झालेल्या डिस्क विकून निम्म्याच्या आसपास पैसे परत मिळवले, तरी तीन वर्षांत गेमवर निव्वळ अठरा हजार गेले. विकत घेतलेला गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर कन्सोलवर वर्गणी भरावी लागते. ती सुमारे अकरा हजार झाली. दुसऱ्या कंट्रोलरचे सहा हजार धरले, तर एकूण रक्कम नव्वद हजारांच्या घरात जाते.

मुलाच्या संगणकाला मॉनिटरसह ८२,००० रुपये लागले आणि यूपीएसला साडेपाच हजार. ऑनलाइन खेळण्यासाठी येथे वेगळी वर्गणी नाही. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किमती दिसतात आणि उन्हाळी-हिवाळी सवलतींत जुने गेम निम्म्याहून कमी किमतीला मिळतात, एपिकच्या तशाच दुकानात तर दर आठवड्याला एखादा गेम फुकट असतो. त्यामुळे त्याचे गेम चौदा हजारांत भागले. बेरीज १,०१,५०० होते. म्हणजे कन्सोलच स्वस्त ठरला, असे कोणीही म्हणेल, आणि भाऊ तसे म्हणालाही.

परंतु माझा मुलगा अभियांत्रिकीला आहे. गेम खेळला नसता तरी त्याला पंचेचाळीस हजारांचा संगणक घ्यावाच लागला असता. तेव्हा खेळाच्या खात्यावर साडेछप्पन्न हजारच टाकणे योग्य. उलट, पुतण्या महाविद्यालयात गेल्यावर भावाला ४२,००० रुपयांचा लॅपटॉप वेगळा घ्यावा लागला आणि त्याच्या घरातून एकूण १,३२,००० रुपये गेले. ज्या घरात चांगला लॅपटॉप आधीच आहे, तिथे हे गणित पूर्ण उलटते आणि कन्सोल घेणेच शहाणपणाचे ठरते.

सोयीच्या बाबतीत मात्र मी कन्सोलच्या बाजूने आहे. बटण दाबले की खेळ सुरू होतो. मुलाचे कित्येक रविवार ड्रायव्हर (संगणकाचे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) बदलण्यात आणि अडखळणाऱ्या गेमची सेटिंग्ज चाळण्यात गेले आहेत. त्या तासांची किंमत वहीत कशी लिहावी, हे मला अद्याप सुचलेले नाही. काही गेम कन्सोलवर फार आधी येतात, हेही खरे : २०१८ साली प्लेस्टेशन ४ वर आलेला ‘गॉड ऑफ वॉर’ संगणकावर यायला जानेवारी २०२२ उजाडले. कन्सोलची खरी अडचण दिवाणखान्यात होते, कारण घरात टीव्ही एक आणि वहिनींच्या मालिकांची वेळही तीच.

विजेच्या बिलाची भीती अनेकजण घालतात. ती फारशी खरी नाही. मुलाचा संगणक खेळताना अंदाजे ३०० वॅट घेतो, तर प्लेस्टेशन २०० च्या आसपास. रोज दोन तास धरले तरी फरक महिन्याला सहा युनिटांचा होतो. आपल्याकडे काळजी करायची ती उष्णतेची. प्लेस्टेशन ५ साठी कंपनीने सांगितलेली तापमानाची मर्यादा ३५ अंशांची आहे आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत कूलर लावूनही तेवढे तापमान राखणे कठीण असते. संगणकाचे पंखे दर महिन्याला साफ करावे लागतात, नाहीतर धूळ साचून तो तापतो. कन्सोलही टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कोंबू नये.

दुकानदारांना एक विनंती आहे. जुळवलेल्या संगणकाच्या प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, तरी मुलाच्या कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्डाचे (पडद्यावरची चित्रे तयार करणाऱ्या भागाचे) नाव ठळक होते आणि एसएमपीएसपुढे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, नुसते ‘६०० वॅट’ लिहिले होते. तो नावाचा पत्ता नसलेला एसएमपीएस दुसऱ्याच उन्हाळ्यात जळाला, आणि दुकानाने वॉरंटी सहा महिन्यांचीच होती, असे तेव्हा सांगितले. प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि वॉरंटीची मुदत कोटेशनमध्येच लिहून द्यावी. ग्राहकांनीही तसा कागद हाती आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर